फायबर आत धरलंय की बाहेर?

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू बिस्किटांचे दोन पुडे आणि एक वही घेऊन खाली आल्या. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. गुडघे धरत काकू उतरल्या म्हणजे काम तसंच असणार. एक पुडा गोखले रोडवरून आणलेला, दुसरा मुलाने जर्मनीहून येताना आणलेला. दोन्हींवर फायबरची जाहिरात. काकूंना बारा वर्षं डायबेटिस आहे. त्यांच्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलंय, पाकिटावरच्या कर्बोदकांतून फायबर वजा करायचं आणि उरेल तो आकडा वहीत लिहायचा. काकू शिस्तीच्या. वहीला समास आखलेला.

"हे बघ गं. इथल्याचे ६८, त्यातून १० गेले, ५८. जर्मनीच्याचे ५८, त्यातून १० गेले, ४८. म्हणजे तिकडचं बिस्कीट बरं ना? एखादं जास्त खाल्लं तर चालेल?"

मी दोन्ही पुडे पालथे केले. घटक जवळपास तेच. गव्हाचं पीठ, तेल, साखर, कोंडा. प्रथिनं दोन्हीत शंभर ग्रॅमला ८, फॅट २०, फायबर १०. (हिशोब कळावा म्हणून इथे आकडे थोडे गोल केलेत.)

"नाही चालणार, काकू. दुसऱ्या पुड्यातून तुम्ही फायबर दोनदा वजा केलंत."

त्या जरा दुखावल्याच. वजाबाकी त्यांची बरोबर होती. गडबड पाकिटावरच्या 'कर्बोदकं' या शब्दातच आहे. एकाच शब्दाचे दोन अर्थ जगात चालतात आणि पाकिटावर कोणता धरलाय ते लिहिलेलं नसतं. मी बरीच वर्षं नवी मुंबईत, टीटीसी एमआयडीसीतल्या एका अन्न तपासणी लॅबमध्ये नोकरी केली. सकाळी ठाण्याहून पनवेलची लोकल, तुर्भ्याला उतरायचं, आणि दिवसभर लोकांची बिस्किटं, पिठं, मसाले जाळायचे, उकळायचे, तोलायचे. त्यामुळे हे आकडे कुठून येतात ते मला आतून माहीत आहे. काकूंना जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट ऐकून काकूंचा विश्वासच बसेना. कर्बोदकं बहुतेक वेळा कोणी मोजतच नाही.

खरंच. लॅबमध्ये सॅम्पल आलं की आधी ओलावा मोजतात: ओव्हनमध्ये वाळवायचं, वजन किती घटलं ते बघायचं. मग प्रथिनं, त्यासाठी नायट्रोजन मोजतात. मग फॅट. मग राख: भट्टीत साडेपाचशे अंशाच्या आसपास जाळून मुशीत जे पांढुरकं उरतं ते, म्हणजे खनिजं. हे चार आकडे हातात आले की त्यांची बेरीज शंभरातून वजा करायची. उरलं ते कर्बोदक.

काकूंच्या घरखर्चाच्या वहीत दूध, भाजी, वीज, औषधं असे रकाने आहेत, आणि महिनाअखेरीला ज्याचा हिशोब लागत नाही ते सगळं 'किरकोळ'मध्ये जातं. पाकिटावरचं कर्बोदक म्हणजे अन्नाचं किरकोळ. ओलावा मोजताना चूक झाली, फॅट नीट निघालं नाही, सगळ्याचा भार शेवटी या एका आकड्यावर. गंमत अशी की पाकिटावरचा सगळ्यात मोठा आकडा बहुधा हाच असतो.

आता या किरकोळीत काय काय असतं? साखर, पिष्ट म्हणजे स्टार्च, आणि चोथा म्हणजे फायबर. रसायनाच्या दृष्टीने ही एकाच घरातली माणसं. तांदळातलं पिष्ट आणि कोंड्यातलं सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. फरक कड्या जोडण्यात. पिष्टाच्या कड्या आपल्या लाळेतली आणि आतड्यातली एन्झाइम कापू शकतात, सेल्युलोजच्या कड्या वेगळ्या कोनात बसलेल्या, त्यांना लागणारी कात्री आपल्याकडे नाही. म्हशीकडेही नाही खरं तर. तिच्या पोटातल्या जंतूंकडे आहे. म्हणून आपण चाळून टाकलेल्या कोंड्यावर म्हैस दूध देते.

आपल्याही मोठ्या आतड्यात जंतू आहेतच. काही प्रकारचा चोथा ते आंबवतात, त्यातून लहान फॅटी आम्लं तयार होतात आणि ती आपल्या अंगी लागतात. म्हणून फायबरची ऊर्जा शून्य धरत नाहीत. सरसकट हिशोबात ग्रॅमला २ किलोकॅलरी धरतात. पिष्ट, साखर आणि प्रथिनांना ४, फॅटला ९. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

तर प्रश्न असा, की कर्बोदकं लिहिताना चोथा आत धरायचा की बाहेर काढायचा?

अमेरिकेत आत धरतात. शंभरातून चार गोष्टी वजा केल्या, उरलं ते सगळं 'एकूण कर्बोदक', आणि फायबर त्याच्याखाली थोडं आत सरकवून लिहितात, पोटभाडेकरूसारखं. तिथे डायबेटिसच्या काही लोकांना मग एकूणातून फायबर वजा करायला शिकवतात. हा 'नेट कार्ब'चा हिशोब तिथला, आणि तिथल्या पाकिटासाठी तो ठीकच आहे. युरोपात उलट. २०११ च्या त्यांच्या नियमाप्रमाणे कर्बोदक म्हणजे शरीराला वापरता येतं तेवढंच. फायबर त्यात नाहीच. ते छापलं तर वेगळ्या ओळीत, स्वतःच्या नावावर घर असल्यासारखं. वजाबाकी कारखान्यातच झालेली असते. काकूंनी ती डायनिंग टेबलावर पुन्हा केली.

ही युरोपातली पद्धत आली कुठून, तर डायबेटिसवाल्यांच्याच गरजेतून. इन्शुलिन नुकतं मिळू लागलं होतं, आणि लंडनच्या मॅकॅन्स आणि लॉरेन्स या दोघा संशोधकांना पेशंटला कुठल्या भाजीत किती कर्बोदक ते सांगायचं होतं. जुन्या तक्त्यांतले आकडे वजाबाकीचे, चोथा धरून. त्यामुळे पालेभाजीतही भरमसाट कर्बोदक दिसायचं आणि बिचारा पेशंट पालाही मोजूनमापून खायचा. १९२९ मध्ये त्यांनी कर्बोदकांचे दोन भाग केले, उपलब्ध आणि अनुपलब्ध. लॉरेन्स स्वतः डायबेटिसचे पेशंट होते, इन्शुलिनवर जगलेले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ते असं.

जर्मन पुड्यावर फायबरला जो शब्द आहे तो काकूंच्या मुलाने पेनाने मराठीत लिहून दिला होता: 'बॅलास्टश्टोफ'. बॅलास्ट म्हणजे जहाज डोलू नये म्हणून तळाशी भरतात ते वजन. आपला 'चोथा' मला तरी जास्त आवडतो. उसाचा रस काढल्यावर जे उरतं ते डोळ्यासमोर येतं.

आणि आपल्याकडे? एफएसएसएआय या सरकारी अन्न नियामक संस्थेच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, वरून घातलेली साखर, फॅटचे प्रकार, कोलेस्टेरॉल आणि सोडियम लिहिणं सक्तीचं आहे. फायबर त्या सक्तीच्या यादीत नाही. फायबरचा दावा करणाऱ्याने आकडा द्यायचा. त्यामुळे साध्या बिस्किटाच्या पुड्यावर फायबरची ओळच नसली तर त्यात फायबर नाही असं समजू नका. मोजायचे पैसे कंपनीने खर्च केले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आणि ओळ असेल तर आत-बाहेर दोन्ही प्रकार आपल्या दुकानांत भेटतात. इथला माल, तिकडचा माल, इकडे बनून तिकडे जाणारा माल, सगळं एकाच फळीवर.

मग ओळखायचं कसं? इथे काकूंची वही पुढे ओढली आणि बेरीज मांडली.

गोखले रोडचा पुडा: प्रथिनं ८, कर्बोदकं ६८, फॅट २०. झाले ९६. आता फायबरचे १० वेगळे धरले तर १०६ होतात. शंभर ग्रॅम बिस्किटात एकशेसहा ग्रॅम माल कसा मावेल? म्हणजे ते दहा त्या अडुसष्टातच बसलेत. उरलेले चार म्हणजे थोडा ओलावा आणि राख. जर्मन पुडा: ८ आणि ५८ आणि २०, झाले ८६. त्यात फायबरचे १० घातले की ९६. इथेही चार उरले. म्हणजे दहा बाहेर आहेत. बिस्कीट एकच, मांडणी दोन.

काही वेळा बेरीज अशी ठणठणीत सांगत नाही. लोणचं, सॉस, दही यांत पाणी भरपूर, शंभराच्या जवळही जात नाही. तिथे ऊर्जेचा आकडा चुगली करतो. जर्मन पुड्याचं बघा. प्रथिनांचे ८ चोक ३२, कर्बोदकांचे ५८ चोक २३२, फॅटचे २० नव्वे १८०. एकूण ४४४. पुड्यावर छापलेत ४६४. वरचे वीस कुठून आले? दहा ग्रॅम फायबर, ग्रॅमला दोन. फायबरने आपलं वेगळं भाडं भरलंय, म्हणजे ते वेगळं राहतंय. इथल्या पुड्यावर ३२, २७२ आणि १८० मिळून बरोबर ४८४ येतात आणि पुड्यावरही ४८४ च आहेत. सगळ्या अडुसष्टाला सरसकट चारचा दर लावला. तेवढ्याने बिस्कीट काही वीस कॅलरींनी जड झालं नाही. हिशोबनिसाने कंटाळा केला, इतकंच. त्याने अडुसष्टातले दहा दोनच्या दराने धरले असते तर तिथेही ४६४ च आले असते.

काकूंनी हे वहीत उतरवून घेतलं आणि मग विचारलं, "पण ते दहा तरी कसे कळले त्यांना?"

हा माझ्या आवडीचा प्रश्न. फायबर मोजायचं म्हणजे लॅबमध्ये एक खोटं पोट तयार करायचं.

एक ग्रॅम पीठ चंचुपात्रात घ्यायचं. फॅट जास्त असेल तर आधी काढून टाकायचं. उकळत्या पाण्याचा चटका सोसणारं एन्झाइम घालायचं, ते पिष्टाचे तुकडे करतं. मग साठ अंशाला दुसरं, प्रथिनं फोडणारं. मग तिसरं, पिष्टाच्या उरलेल्या तुकड्यांचं ग्लुकोज करणारं. प्रत्येक वेळी आंबटपणा जुळवत बसायचं. आता जे पचलं नाही ते पाण्यात तरंगतंय किंवा विरघळलंय. त्यावर चौपट अल्कोहोल ओतायचं. विरघळलेला चोथासुद्धा तासाभरात ढगासारखा खाली बसतो. मग बारीक छिद्रांच्या काचेच्या मुशीतून गाळायचं. रात्रभर वाळवायचं. सकाळी तोलायचं. इतकं करूनही ते निव्वळ फायबर नसतंच, त्यात थोडं प्रथिन आणि राख अडकलेली असते. म्हणून प्रत्येक सॅम्पल जोडीने करतात. एका मुशीतलं प्रथिन मोजायचं, दुसरी मूस भट्टीत जाळून राख मोजायची, आणि दोन्ही वजा करायची. १९८५ पासून रुळलेली ही पद्धत. सॅम्पल आलं की रिपोर्ट टाइप होईपर्यंत दोन-तीन दिवस सहज जातात.

गव्हाच्या कोंड्याचं सॅम्पल आलं की आम्ही खूश. भराभर गाळून व्हायचं. ओट्स आलं की एकमेकींकडे बघायचो. आणि इसबगोल! अल्कोहोल ओतलं की चंचुपात्रात शेंबडासारखा गोळा, मुशीची छिद्रं बंद, खालून पंप घुरघुरतोय आणि थेंब पडत नाही. एकदा पाच पंचावन्नची लोकल सोडून, आठपर्यंत एका मुशीसमोर बसले होते. पण पोटातही ते हेच करतं, पाणी धरून फुगतं. तीच त्याची किंमत. लॅबमधला वैताग हाच पेशंटचा फायदा.

जुने तक्ते चाळणाऱ्यांना 'क्रूड फायबर' असा रकाना दिसेल. तो याहून जुना हिशोब, जर्मनीत एकोणिसाव्या शतकात जनावरांच्या चाऱ्यासाठी निघालेला. आम्लात उकळा, अल्कलीत उकळा, उरेल ते तोला. त्यात विरघळणारा चोथा सगळा वाहून जातो. दोन रकान्यांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

अल्कोहोलच्या पायरीतही एक पळवाट आहे. साखळी फार लहान असेल तर चौपट अल्कोहोलमध्येही ती खाली बसत नाही, गाळणीतून निघून जाते. चिकोरीच्या मुळातून काढलेलं इन्युलिन आणि त्याचे तुकडे हे त्यातले. न पचणारे, पण १९८५ च्या पद्धतीला बरेचसे न दिसणारे. म्हणून २००९ मध्ये नवी पद्धत आली, तीत हे लहान तुकडे वेगळ्या यंत्रावर मोजून मिळवतात. किती कड्यांपासून पुढे फायबर म्हणायचं यावरही जगाचं एकमत नाही. कोडेक्स या जागतिक संस्थेची व्याख्या दहा कड्यांपासून सुरू होते, आणि तीन ते नऊ कड्यांचं काय करायचं ते प्रत्येक देशाने ठरवावं म्हणून तिने सोडून दिलं. म्हणजे एकच बिस्कीट, एकच लॅब, पण पद्धत बदलली की फायबर वाढतं. घटकांच्या यादीत इन्युलिन किंवा पॉलीडेक्स्ट्रोज दिसलं की फायबरचा बराच भाग धान्यातला नाही, वरून घातलेला आहे, एवढं ओळखावं. ते वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सांगितलं, ते अन्नात मुळात असलेलं.

शुगरफ्री मिठाईबद्दल थोडक्यात. माल्टिटॉलसारखे पदार्थ कर्बोदकांत धरले जातात, पण ते साखरही नाहीत आणि फायबरही नाहीत. युरोपात त्यांना ग्रॅमला २.४ चा दर आहे. फायबरसारखे ते पूर्ण वजा करून टाकू नका. आणि दिवाळीत चार काजूकतल्या एकदम खाऊ नका, पोट सैल होतं.

दाव्यांची गंमत मात्र सांगायलाच हवी. आपल्याकडे शंभर ग्रॅमला ३ ग्रॅम फायबर असेल तर पाकिटावर 'फायबरचा स्रोत' म्हणता येतं, ६ असेल तर 'भरपूर फायबर'. आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले, ते उघडा. मैदा: २.७६. साधा मैदा! तीनला पाव ग्रॅम कमी. मूठभर कोंडा टाकला की मैद्याचं बिस्कीट 'स्रोत' झालं. आणि आपली साधी कणीक? ११.३६. ज्वारी १०.२२, बाजरी ११.४९, नाचणी ११.१८. जांभळी नाक्यावरच्या भुसार दुकानात पोत्यात भरलेली ज्वारी 'भरपूर फायबर'च्या रेषेच्या कितीतरी वर आहे, पण पोत्याला मागची बाजू नसते.

याच तक्त्यात कणकेचं कर्बोदक ६४.१७ दिलंय. अमेरिकेच्या तक्त्यात गव्हाच्या पिठाला साधारण ७२ दिसेल. मोबाइलवरची ॲप कधी इथला आकडा उचलतात, कधी तिथला, आणि काकूंचा मुलगा आईला फोनवरून दटावतो. हैदराबादच्या आकड्यांची बेरीज करून बघा. ओलावा ११.१०, प्रथिनं १०.५७, राख १.२८, फॅट १.५३, फायबर ११.३६, कर्बोदक ६४.१७. झाले शंभर, वर एक शतांश. म्हणजे फायबर बाहेर. हा तक्ता वापरताना वजाबाकी नाही.

आणि दशांश चिन्हांवरून भांडू नये. युरोपात चाळीस ग्रॅमच्या वर कर्बोदक असलेल्या मालाला छापील आकड्यापासून आठ ग्रॅम इकडे-तिकडे चालतात. अठ्ठावन्न लिहिलेत तर पन्नासही असतील, सहासष्टही. आत-बाहेरची दहा ग्रॅमची चूक मात्र रोज एकाच दिशेने होते. ज्यांचा इन्शुलिनचा डोस कर्बोदकं मोजून ठरतो त्यांनी आपल्या आहारतज्ज्ञांना एकदा स्पष्ट विचारावं, की बाई, वजा करायचं ते कुठल्या पाकिटातून?

काकू हे सगळं ऐकून वर गेल्या आणि दहा मिनिटांत परत आल्या. गुडघे विसरून. हातात भाजणीचा स्टीलचा डबा.

"हिच्यात किती? हिला कुठे पाकीट आहे?"

प्रमाण त्यांना तोंडपाठ होतं. बाजरी चारशे ग्रॅम, ज्वारी दोनशे, गहू दोनशे, हरभरे सालासकट दोनशे. सालासकट म्हटल्यावर मी खूश झाले, कारण हरभऱ्याच्या शंभर ग्रॅममध्ये २५ ग्रॅम फायबर आहे. वहीच्या मागच्या पानावर मांडलं. फायबर: बाजरीचं ४६, ज्वारीचं २०, गव्हाचं २२, हरभऱ्याचं ५०. किलोला १३८, शंभराला जवळपास १४. कर्बोदक शंभराला ५९. प्रथिनं बारा, फॅट चार. भाजल्यावर ओलावा उडतो म्हणून आकडे थोडे वर जातील, धणे-जिरं मी धरलं नाही. दोन मध्यम थालीपिठांना शंभर ग्रॅम भाजणी धरली तर चौदा ग्रॅम चोथा ताटात. पुड्यातली शंभर ग्रॅम बिस्किटं खाऊनही तेवढा व्हायचा नाही.

"आणि हे चाळायचं नाही हं," मी म्हटलं. काकूंनी डोळे मोठे केले. चाळणी त्यांच्या सासूबाईंची आहे.

दुसऱ्या दिवशी मी वाटी परत द्यायला वर गेले तर ओट्यावर तोच डबा. झाकणावर औषधाच्या बाटलीचं असतं तसं पांढरं स्टिकर, आणि त्यावर बॉलपेनने, समास सोडून: 'भाजणी. १०० ग्रॅम. कर्ब ५९. फायबर १४. वजा करू नये.'